वाटाड्याचं पान

सुगी आली हे मला कॅलेंडर सांगत नाही, हजेरीपट सांगतो. दिवाळी होते, पोरं दोन दिवस नव्या कपड्यांत शाळेत येतात आणि तिसऱ्या दिवसापासून एकेका नावापुढे गैरहजेरी पडू लागते. भातकापणीला हात कमी असतात, घरातली धाकटी भावंडं सांभाळायची असतात, शेतात शिरणारी डुकरं हाकलायची असतात. कारणं सगळी खरी असतात आणि मला पाठही असतात. यंदा मात्र गैरहजेरी मांडायलाही फारसं काही राहिलेलं नाही. पटावर तीन नावं आहेत. त्यातलं एक आज आलं होतं, तेही दुपारचं जेवण झाल्यावर घरी गेलं.

मग वर्गात मी एकटाच. खिडकीतून ओल्या पेंढ्याचा वास येत होता. खालच्या शेतात कोणीतरी भाताचे भारे फळीवर बडवत होतं. एक ठोका, थोडी उसंत, पुन्हा ठोका. फळ्यावर जुनी तारीख तशीच होती. ती पुसून आजची लिहिली, कशासाठी ते विचारू नका. तीस वर्षांची सवय आहे.

या वासाबरोबर मला दर वर्षी एक प्रश्न आठवतो. सहा वर्षांपूर्वी याच दिवसांत पाचवीतल्या एका मुलीने तो मला विचारला आणि मी त्याचं चुकीचं उत्तर दिलं. मास्तरकीत चुकीची उत्तरं मी ढीगभर दिली असतील, त्यांचं ओझं मी बाळगत नाही. पण या उत्तराने मी त्या पोरीच्या हातातलं काहीतरी काढून घेतलं, असं मला इतकी वर्षं वाटत आलं. परवाच्या शनिवारपर्यंत वाटत होतं. सांगतो, पण माझ्या चालीने सांगतो. मला कुठे जायचं नाही.

जोयड्याच्या या डोंगरात दिग्गीकडचा रस्ता जिथे डांबर सोडतो, तिथून पुढे आमची वाडी आहे. मी मूळचा खानापूरकडचा. इथली नेमणूक कोणाला नको होती, सोळा वर्षांपूर्वी मी ती मागून घेतली. बायको जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मूलबाळ नाही. घरात तिची एकेक वस्तू जागच्या जागी होती आणि मला कुठेतरी दूर जाऊन झोपायचं होतं. वाडीत आलो तेव्हा पहिल्यांदा भेटले ते देऊ आज्जा. डोक्यावर गवताचा भारा, तो उतरवायच्या आधीच त्यांनी विचारलं, कुणाचं तुम्ही? इकडे परक्या माणसाला नाव विचारत नाहीत, कुणाचा ते विचारतात. एकदा घर कळलं की माणूस आपोआप कळतो, असा त्यामागचा हिशेब. मी जरा चेष्टेने म्हणालो, कुणाचाच नाही, एकटा आहे. आज्जांनी मान हलवली आणि भारा घेऊन पुढे गेले. ती चेष्टा नव्हती हे त्यांना कळलं होतं की नाही, देव जाणे. मला मात्र शाळेमागच्या खोलीचं कुलूप उघडताना कळलं.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या सुगीला पट सतराचा होता. पोरांना शाळेत आणायला मी एक आमिष शोधत होतो, आणि केंद्रावरून गोष्टीच्या पुस्तकांची पेटी आली. पेटीत बरीच पुस्तकं इतिहासावरच्या बालकादंबऱ्यांची. आता पुस्तक निवडणं ही कला आहे असं प्रशिक्षणात सांगतात. माझी कला अशी की, आधी अक्षर किती मोठं ते बघायचं, मग चित्रं. मग मधलंच एखादं पान उघडून मोठ्याने वाचायचं. ज्यात पात्रं एकमेकांशी शिलालेखावरल्यासारखी बोलतात ती पुस्तकं पुन्हा पेटीत. ज्यात दर पानावर तलवार चमकते तीही पेटीत, कारण पोरं नंतर मधल्या सुट्टीत फुटपट्ट्या मोडतात. असं गाळत गाळत एक पातळसं पुस्तक हाताला राहिलं. वर तांबडा घोडा. एक फौज घाट उतरून समुद्राकडे निघाली आहे, तिच्याबरोबर एक तरुण कारकून आहे, आणि वाट जंगलातून आहे. जंगलातून आहे म्हणूनच मी ते घेतलं. आपल्या पोरांना आपलं काहीतरी त्यात सापडेल, एवढाच विचार.

शेवटच्या तासाला मी ते वाचायचो. सकाळी न येणारी पोरंही शेवटच्या तासाला यायची. हाताला भाताच्या पात्यांचे ओरखडे, केसांत कुसळं, पायाला चिखल. बसायची आणि ऐकायची. ऐकायची म्हणजे लेखकाची उलटतपासणीच घ्यायची. फौजेने रानात मुक्काम करून ज्वारीच्या भाकरी भाजल्या, असं आलं तर सगळा वर्ग हसला. इथं जोंधळा कुठनं आला, सर? घोडे रात्रीत घाट उतरले म्हटल्यावर एकाने तोंड वाकडं केलं. त्याच्या मते त्या जांभ्या दगडावर म्हैससुद्धा दिवसाउजेडी बघून पाय टाकते. लेखक कुठल्या तरी मोठ्या शहरातला असणार आणि त्याने घाट नकाशात पाहिला असणार. त्याला माझ्या वर्गात आणून बसवायला हवं होतं. मला खूप मजा येत होती. बायको गेल्यापासून पहिल्यांदा मला संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची वाट बघावीशी वाटत होती.

मग सातवं प्रकरण आलं. आषाढातली नदी, दोन्ही काठ बुडालेले, फौज अडलेली. एक वाटाड्या पुढे येतो, कमरेला दोर बांधून पाण्यात उतरतो. लेखकाने त्याला तीन वाक्यं दिली होती. ती मला आजही तोंडपाठ आहेत. दोर पैलतीरी पोचला. वाटाड्या पोचला नाही. फौज पुढे निघाली.

रेणुकाने हात वर केला. ही देऊ आज्जांची नात, पाचवीतली, बारीक चणीची, एरवी कधी न बोलणारी. तिने विचारलं, "त्येचं नाव काय, सर?"

मी मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं. पुस्तकात दिलेलं नाही, असं सांगितलं. तिने हात खाली घेतला नाही. घोड्याचं नाव दिलंय, असं तिने माझ्या लक्षात आणून दिलं, आणि ते खरं होतं. मग विचारलं की त्याचे दिवस कोणी घातले. मी घड्याळ बघितलं आणि आठव्या प्रकरणाला हात घातला. फौज पुढे निघाली होती, तिच्यामागून मीही निघालो.

आता इथली एक चाल सांगायला हवी. वाडीत नव्या भाताचा पहिला घास घरातला कोणी खात नाही. आधी गेलेल्यांची पानं वाढतात. केळीच्या पानाचे तुकडे ओळीने मांडायचे, नवा भात, वालाची भाजी, गूळखोबरं, आणि एकेकाचं नाव घेऊन बोलवायचं. मगच घरच्यांची पंगत. याला इथे नवं म्हणतात. आणि नियम असा, की एखाद्याचं पान एकदा ठेवलं की ते दर वर्षी ठेवायचं. बोलावून सवय लावायची आणि पुढल्या साली दार लावून घ्यायचं, असं चालत नाही. त्या दिवशी मी दर वर्षी सकाळच्या बसने रामनगरला जायचो. ट्रकांच्या धुळीत, बाजाराच्या गोंगाटात दिवस काढायचा, खानावळीत जुन्या तांदळाचा भात खायचा आणि संध्याकाळी परत. आमंत्रणं असायची, पण गेलेल्यांच्या ओळीसमोर बसायचं माझ्या जिवावर यायचं. माझ्या बायकोचं पान मी कधी कुठे ठेवलं नव्हतं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, असं मी स्वतःला सांगत असे. खरं तर मला ती गेलेल्यांत मोजायची नव्हती.

त्या वर्षी नवं झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देऊ आज्जा शाळेच्या पायरीवर येऊन बसले. डुकरांचं बोलले, धुक्याने भाताला ओल धरली त्याचं बोलले. मी ओळखलं, काहीतरी अवघड आहे. शेवटी त्यांनी सांगितलं. काल पानं वाढताना रेणुकाने आपल्या हाताने शेवटी एक जादा पान ठेवलं. हे कुणाचं म्हणून विचारलं तर म्हणाली, वाटाड्याचं. घरातल्या बायका घाबरल्या. कुठला वाटाड्या, कोणाच्या घरचा मेलेला, आपल्या ओळीत कसा आला? पोरगी म्हणाली, आपल्याच रानातला आहे, सरांच्या पुस्तकात आहे, नदीत गेला, त्याला कोणी पान ठेवलं नाही.

"त्यो मानूस खरा हुता काय न्हवता, तेवढं सांगा मास्तर," आज्जा म्हणाले. "खरा असला तर दर साल ठेवतो, आमचं काय जात न्हाई. पर न्हवताच, तर मग काल त्या पानावर कोण जेवून गेलं?"

हसू नका. मीही हसलो नाही. इतिहासाच्या गोष्टीबद्दल याहून नेमका प्रश्न मला कुठल्याच प्रशिक्षणात कोणी विचारलेला नाही. पण माझ्यातला मास्तर जागा झाला आणि त्याला अंधश्रद्धा दिसली, भेदरलेलं घर दिसलं, आणि उद्या या भानगडीत आपलं नाव यायला नको हेही दिसलं. मी सांगितलं, नव्हता. लेखकाने मनाने रचलेला माणूस आहे. फौज खरी असेल, वाटाड्या खोटा. आज्जांनी लांब श्वास सोडला. बरं झालं म्हणाले आणि उठले.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर वर्ग झाडायची पाळी रेणुकाची होती. मी दप्तर आवरत होतो. झाडता झाडता ती थांबली. आज्जा सकाळी आले होते ते तिला ठाऊक होतं. मी काय सांगितलं तेही कळलं असावं. तिने केरसुणी हातात तशीच धरून विचारलं, "मग कुणाचा त्यो, सर?"

मी थकलो होतो. "कुणाचाच नाही," मी म्हणालो.

तिने उरलेला वर्ग झाडला, केर भरला, दप्तर घेतलं आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या तासाला ती यायची, पण खिडकीबाहेर बघत बसायची. पुस्तक संपलं. फौज समुद्राला पोचली, कारकुनाला बढती मिळाली, बाकीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. जूनमध्ये रेणुकाला जोयड्याच्या वसतिगृहात घातलं. निरोप घ्यायला ती आली नाही, किंवा आली असेल तेव्हा मी रामनगरला असेन.

चूक मला लगेच दिसली, म्हणजे चारच दिवसांनी, बसमध्ये. बाहेर डोंगर पळत होते आणि माझ्या मनात आलं, ज्याला आपण खोटा म्हटलं तो एकटाच काय तो खरा. फौजेचं नाव लेखकाने कुठूनतरी उचललं, कारकून आपल्या सोयीसाठी घडवला. पण पावसाळ्यात या नद्या ओलांडून देताना इथली माणसं वाहून गेली असणारच. एक नाही, कितीतरी. त्यांची नावं कोणी लिहिली नाहीत, म्हणून लेखकालाही सापडली नाहीत. रेणुकाला मी एवढंच सांगायचं होतं. की हा एक माणूस रचलेला आहे, पण तो त्या सगळ्यांसाठी रचलेला आहे. तू पान ठेवलंस ते बरोबर ठेवलंस. उत्तर तयार होतं आणि वर्गात ती रोज दहा हातांवर बसत होती. पण मास्तराने पोरीला हाक मारून माझं चुकलं म्हणायचं, हे मला जमलं नाही. आज म्हणू, उद्या म्हणू, आणि मग जून आला.

तेव्हापासून माझी पुस्तक निवडायची रीत बदलली. अक्षर, चित्रं सगळं नंतर. आधी मी पुस्तकात कोण कोण मरतं ते शोधतो आणि त्याला नाव आहे का ते बघतो. नाव नसेल तर पुस्तक टाकून देत नाही. तेच घेतो आणि वाचताना त्या पानावर थांबतो. पोरांना विचारतो, ह्याचं नाव काय असेल, ह्याच्या घरी कोण असेल, ह्याची वाट कोण बघत असेल. पोरं भरभरून सांगतात. सोमा, गोपाळ, बाबू. बायका असतील तर आपल्या आयांची नावं देतात. तास छान जातो. तास संपला की मी खिडकीजवळच्या त्या रिकाम्या जागेकडे बघतो आणि मला फार एकटं वाटतं. बरोबर उत्तर मी सगळ्यांना देऊन बसलो होतो, जिने विचारलं तिला सोडून.

आता परवाचा शनिवार. वाडीत नव्याचा दिवस. मी नेहमीप्रमाणे पिशवी घेऊन सकाळीच रस्त्यावर उभा. पुढच्या जूनपासून शाळा बंद होणार, तिघांना खालच्या शाळेत घालणार, मला कुठे पाठवणार ते ठरलेलं नाही. म्हणजे ही इथली शेवटची सुगी. धुकं उतरलं, ऊन आलं, बस आली नाही. नऊ वाजले. देऊ आज्जा केळीची पानं घेऊन समोरून आले. आता ते काठी टेकत चालतात. म्हणाले, गाडी काय येत न्हाई आज, चला. मी दोन-तीन सबबी सांगून बघितल्या. त्यांनी पानांचा भारा माझ्या हातात दिला आणि पुढे चालू लागले. हातात पानं असल्यावर माणूस कुठे जाणार?

घरात नव्या भाताची वाफ कोंदली होती. तो वास मी सोळा वर्षं चुकवत आलो होतो. आज्जांनी भिंतीकडेने पानं मांडली, सुनेने वाढलं. आज्जा एकेकाला बोलवत गेले. बाबा, आई, थोरला भाऊ, चुलता, आपली बायको. मी मोजत नव्हतो, पण दाराजवळ एक पान उरलं होतं ते दिसत होतं. आज्जा त्याच्यासमोर वाकले आणि म्हणाले, "आन् ह्यो कुणाचाच न्हाई त्यो. या."

हे कोण, मी विचारलं.

"तुमचाच की वाटाड्या," आज्जा म्हणाले. "तवा सकाळी तुमी मला खोटा म्हणून सांगितला. मी म्हटलं सुटलो. सांजला पोरगी आली न् म्हणाली, सर म्हणत्यात त्यो कुणाचाच न्हाई. मग कसं सोडायचं?"

मी भिंतीला टेकलो. सहा वर्षं. मी एका अर्थाने बोललो होतो, तिने दुसऱ्या अर्थाने ऐकलं होतं, आणि तिचाच अर्थ घरात चालू झाला होता. माणूस नव्हताच, असं मी सांगितलं. माणसाला कोणी नाही, असं तिने ऐकलं. ज्याला कोणी नाही त्याला जेवायला कोण घालणार, म्हणून त्यांनी घातलं; दर वर्षी, मी रामनगरच्या खानावळीत बसलेलो असताना. आणि ती खिडकीबाहेर बघत बसायची ते रागाने नव्हतं. सुनेने हसत सांगितलं की पोरगी त्या दिवसांत शाळेतून आली की विचारायची, नदी कुठली असंल?

आज्जा अजून वाकलेलेच होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, तुमच्यातलं कोण हाय काय ठेवायचं?

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हाय म्हणालो. माझ्या तोंडून इथल्यासारखंच हाय आलं. मंडळी, मी म्हणालो. आज्जांनी पुढे काही विचारलं नाही. परक्याच्या बायकोचं नाव विचारायची त्यांची रीत नाही. त्यांनी राहिलेल्या पानाचा तुकडा फाडला आणि वाटाड्याच्या शेजारी ठेवला. सुनेने भात वाढला, भाजी वाढली. एकदा ठेवलं की दर साल ठेवायचं, ठाऊक आहे ना, असं आज्जांनी बजावलं. मी म्हटलं, पुढल्या साली मी इथे नसेन. त्यावर ते म्हणाले की तुम्ही नसला म्हणून काय झालं, आम्ही आहोत, आमच्यामागं रेणुका आहे. मी रडलो. लपवायला तिथे जागा नव्हती आणि कोणी बघितल्यासारखंही केलं नाही.

आम्ही जेवायला बसणार तोच सुनेचा फोन वाजला. रेणुका. ती आता अकरावीला आहे, आणि या एका दिवशी घरी न चुकता फोन करते म्हणे. आज्जांनी फोन कानाला दाबून धरला.

"ठेवलं, ठेवलं वाटाड्याचं," ते म्हणाले. "औंदा सरांच्या मंडळीबी आल्यात."

मग आज्जांनी फोन माझ्याकडे दिला. सहा वर्षं घोकलेलं उत्तर माझ्या जिभेवर होतं, फौज, रचलेली माणसं, न लिहिलेली नावं, सगळं. पण तिला ते नको होतं. तिचा आवाज मोठ्या बाईसारखा झाला आहे, प्रश्न मात्र तोच होता.

"त्येंचं नाव काय, सर?"

या वेळी मला उत्तर येत होतं. "सुमती," मी म्हणालो.